बर्फाच्या माउलीचा नवस

झादर, ७ ऑगस्ट १९९९

चि. क्रशेवान यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. बातमी अशी, की आईने नवस फेडून टाकला! बास्केटबॉलचा शेवटचा हंगाम तू आपल्या झादरकडून खेळणार असं पेपरात आलं, आणि परवा बर्फाच्या माउलीच्या सणाला ही बाई अडुसष्टाव्या वर्षी बोटीने बेटावर उतरून तिथल्या देवळापर्यंत अनवाणी चालत गेली. तळपाय सोलून निघालेत. अजून करारावर सही व्हायची आहे, जरा थांब, असं मी म्हटलं. तर म्हणाली, माउली काय कारकून आहे सहीसाठी अडून बसायला?

कॉफीवाला बेपोकाका सांगत सुटलाय की आपल्या कट्टर वैऱ्याच्या, स्प्लितच्या संघात जाऊन तू केलेलं पाप एका हंगामात धुतलं जाईल. तुझी इटली, ग्रीस, तुर्कस्तान तो हिशेबातच धरत नाही. पहिल्या सामन्याला सगळी आळी येणार आहे, तेव्हा पोट जरा आत घे.

लोभ आहेच, पत्रं लिहून तो टिकव.

तुझी ताई,
मारियेता

इझमीर, १५ ऑगस्ट

ती. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

सही होणार नाही. झादरच्या संघाने मला ल्युब्ल्यानाला तपासणीसाठी पाठवलं होतं. डॉक्टर म्हणाले की उजव्या गुडघ्यातली कूर्चा संपली आहे; अजून एक हंगाम खेळलो तर चाळिशीत काठी घ्यावी लागेल. मग मीच नको म्हटलं. सोळा वर्षं खेळलो, आणि शेवट एका फोनवर झाला. बाहेर येऊन रडलो, तुला म्हणून सांगतो.

आईला एवढंच सांग की गुडघ्याला वारा लागला. तिला पटेल; आपल्याकडे पडशापासून घटस्फोटापर्यंत सगळं उघड्या खिडकीच्या वाऱ्यानेच होतं. तिचे पाय सोलवटले आणि मी खेळणार नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू? घरी येत नाही. इथेच कुठेतरी मुलांना शिकवीन.

रागावू नकोस, माया असू दे.

तुझा,
क्रशेवान

झादर, २४ ऑगस्ट

चि. क्रशेवान यास आईचा आशीर्वाद.

मारियेताला खोटं बोलता येत नाही. वाऱ्याचं सांगता सांगता तिनेच तुझं पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं.

तू झादरकडून खेळावंस म्हणून मी नवस बोलले, असं तुम्ही दोघांनी आणि त्या बेपोने परस्पर ठरवलंत. मला कुणी विचारलं नाही. सोळा वर्षांत तुझा एक सामना मी धड पाहिलेला नाही. तू पडलास की मी स्वयंपाकघरात जायची, आणि तू उठलास असं मारियेताने ओरडून सांगितलं की बाहेर यायची. शेवटचा हंगाम हे ऐकलं तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे. म्हणून आधीच चालून आले.

बेपोला सगळं सांगितलं. तो म्हणाला की पोराला आधी घरी बोलाव. अंजीर वाळत घातलेत, गच्चीवर चढायला मला जमत नाही. तुला बसून करता येईल असं पुष्कळ काम इथे आहे.

बाळा, तुझं खेळणं थांबू दे आणि तू घरी ये, एवढंच मी माउलीकडे मागितलं होतं. कसं थांबू दे, ते सांगायचं राहिलं. मला क्षमा कर. रागवायचं तर घरी येऊन रागाव.

तुझी,
आई