हिच्या नावाची कॉफी

४ मार्च, सकाळ.
आजपासून कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपला कायमचा रामराम. दारापर्यंत रांग, कानठळ्या बसवणारं म्युझिक आणि खुर्च्या अशा, की गिऱ्हाइकानं लवकर उठावं. एका कपासाठी एवढा जाच कोण सोसणार? मी तर नाही. निर्णय पक्का.

५ मार्च.
जावं लागलं. चष्म्याचं घर तिथेच विसरलं होतं. नुसतं ते उचलून परतणं बरं दिसत नाही, म्हणून कॉफी घेतली. तिथे ऑर्डर देताना नाव विचारतात आणि कॉफी झाली की मोठ्यानं पुकारतात. मी बायकोचं नाव देतो. यात भावनेचा वगैरे प्रश्न नाही. ऑर्डर कायम ही द्यायची, मी टेबल धरायचो. ही गेली म्हणून चालू सिस्टीम कशाला बदलायची? गंमत म्हणजे सगळा संसार आमचा 'अगं'वर निभावला, हिचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही. आता रोज घेतो, तेही काउंटरवर.

७ मार्च.
काउंटरवरची मुलगी नवी आहे. दोन ग्लास पाणी ठेवलं आणि मॅडम कुठे आहेत म्हणून विचारलं. येतेय, म्हणालो. परक्या पोरीला घरचं काय सांगत बसायचं! थोड्या वेळानं पाहतो तर समोरच्या ग्लासातलं पाणी कमी झालेलं. मीच प्यायलो असणार. भुताखेतांवर आपला काडीचा विश्वास नाही. समोरची खुर्ची जरा सावलीत सरकवली. ती उन्हानं तापत होती, एवढंच.

१० मार्च.
लेक आली होती. तिला मुद्दाम तिथे नेलं, बाप कसा मजेत आहे ते दिसावं म्हणून. आईच्या नावाचा पुकारा झाला आणि ती दचकून दाराकडे बघायला लागली. मग कितीतरी वेळ वॉशरूममधून बाहेरच येईना. आली ती डोळे लाल करून. म्हणाली, बाबा, आईला जाऊन वर्ष झालं आता, मला तुमची काळजी वाटते. असंच चालणार असेल तर घर बंद करून माझ्याकडे चला. मी हसलो. म्हटलं, साधी सवय आहे, मनात आणलं तर उद्या मोडीन. शब्द दिला.

११ मार्च.
स्वतःचं नाव सांगायला तोंड उघडलं, हिचंच निघालं. मागचा माणूस ढकलत होता. गर्दीत धड विचार करता येत नाही.

१४ मार्च.
हिचं नाव पुकारलं. मी उठायच्या आत खिडकीजवळची एक बाई उठली. पाठमोरी. तोच सैल अंबाडा, तीच मान तिरकी करून चालायची तऱ्हा. माझ्या तोंडून 'अगं' निघून गेलं, चांगलं मोठ्यानं. सगळं शॉप वळून बघायला लागलं. तीही वळली. भलतीच कोणीतरी होती. नावही तेच, कॉफीही तीच. कप तुमचा आहे का, म्हणून विचारत होती. नाही म्हणालो आणि तडक घरी आलो. दुपारी शॉपला ऑनलाइन एकच स्टार दिला. एका नावाची दोन गिऱ्हाइकं घेतात, ढिसाळ कारभार, असं स्पष्ट लिहिलं.

१७ मार्च.
जमलं! आज ठणकावून स्वतःचं नाव सांगितलं. लगेच लेकीला फोन, की बघ, तुझा बाप शब्दाचा पक्का. खुशीत जाऊन बसलो. काउंटरवरून कोणाला तरी हाका चालल्या होत्या. पुन्हा पुन्हा. कोणी उठेना. शेजारच्याला म्हटलंसुद्धा, काय एकेक लोक असतात, कॉफी सांगतात आणि झोपा काढतात. शेवटी ती मुलगी कप घेऊन माझ्याच टेबलाशी आली. काका, हे तुमचंच नाव ना, म्हणाली.

कॉफी पार थंड झाली होती. पाण्याचा ग्लासही आज एकच. फार भरून आलं. पण चूक माझी नाही. इतक्या वर्षांत घरात त्या नावानं मला कोणी हाकच मारली नव्हती. 'अहो' म्हणाली असती, तर पहिल्या हाकेला उठलो असतो.