माडाखाली पुरलेली वार

३ नोव्हेंबर, कसाल

आज पोचले. पुण्याहून निघताना सगळ्यांनी घाबरवलं होतं, पण राधाबाईंचं घर बघून जीव हरखला. सारवलेलं अंगण, मागे काजू, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला कोवळा माड आणि दुपारी जेवायला बांगड्याचं तिखलं. मला माडीवरची खोली दिली आहे.

राधाबाईंची लेक नम्रता पहिल्या बाळंतपणाला आली आहे, आणि ती आमच्याच संस्थेच्या जनुक-उपचाराच्या चाचणीत आहे. तिचं बाळ पोटात वाढत नव्हतं, कारण त्याला पोसणाऱ्या वारेला रक्तच पुरत नव्हतं. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून दोन महिन्यांपूर्वी आमच्या लोकांनी तिच्या गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत जनुकाचं इंजेक्शन दिलं. आता बाळ छान वाढतंय. माझं काम एवढंच की बाळंतपण झालं की वार बर्फाच्या डब्यात घालून पुण्याला पाठवायची. इतकं सोपं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

मुलगा झाला, दोन किलो शंभर ग्रॅम. आणि वार हातची गेली.

डबा तयार होता, लेबल तयार होतं. मी दवाखान्याच्या बंद पडलेल्या जनरेटरवरून भांडत होते, तेवढ्यात तिथल्या सावित्री आयाने नेहमीच्या सवयीने वार मडक्यात घालून राधाबाईंच्या हाती दिली. त्यांनी ती घरी नेऊन माडाच्या मुळाशी पुरलीसुद्धा. मी नम्रताच्या सहीचं संमतीपत्र नाचवलं. राधाबाई माडाखालची माती दाबत शांतपणे म्हणाल्या, "सही तिची, पण वार घराची. मातयेक दिलेला परत काढूचा नाय गो बाय."

पुण्याहून चाचणीचे प्रमुख, आमचे सर, फोनवर ओरडले ते वेगळंच. चौदा पानांच्या नियमावलीत, घरच्यांनी वार मागितली तर काय करायचं याची एक ओळ नाही. लिहिणाऱ्याने बाळंतपण कधी जवळून पाहिलंच नसावं. शिव्या मात्र मी खायच्या.

२० नोव्हेंबर

बाळ घरी आलं. दोन किलो वीस. दूध नीट पितं, ताप नाही, तपासण्या चांगल्या, तरी रोज दहा ग्रॅम कमी होतंय. काटा दोनदा तपासून आणला. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, वाट पाहू. या वाट पाहण्याचा मला वीट आलाय. नम्रता रोज माझ्या तोंडाकडे बघते.

माडाला मात्र आठ दिवसांत दोन नव्या झावळ्या आल्या.

२४ नोव्हेंबर

न्हाणीच्या चिऱ्यांवर तांबड्या दोऱ्यांची जाळी चढली आहे. मुळं असतील म्हणून बोट ठेवलं, तर ती नाडीसारखी उडत होती. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला एकशे बेचाळीस. आत जाऊन बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. एकशे बेचाळीस.

सरांना कळवलं. त्यांनी मला चार दिवस रजा घ्यायला सांगितलं.

बाळ एक किलो नऊशे.

२६ नोव्हेंबर

सकाळी राधाबाईंनी स्वतःच कुदळ आणून दिली. "माडाक रगात इला गो," एवढंच म्हणाल्या. माडाला रक्त आलं होतं.

मडकं फुटलेलं. वार परातीएवढी झालेली, ऊबदार. मी एक दोरा कापला आणि घरातून नम्रताची किंकाळी आली. बाळाच्या बेंबीतून रक्त वाहत होतं. कापलेला दोरा घट्ट बांधला तेव्हा ते थांबलं.

म्हणजे कापता येत नाही.

२७ नोव्हेंबर

एक किलो साडेसातशे. रुग्णवाहिकेतून मोठ्या दवाखान्यात न्यायला निघालो. हायवेला लागेपर्यंत बाळ निळं पडलं. परत फिरवलं. अंगणात येताच गुलाबी झालं.

वाढत राहा, एवढंच आम्ही वारेला शिकवलं. थांब म्हणायला कुणी शिकवलं नाही. चीड येते, आणि ती काढायला इथे माझ्याशिवाय कुणी नाही.

२८ नोव्हेंबर

वारेला रक्त हवंय. बाळाचंच हवं असं नसेल.

राधाबाई माडाखालच्या खड्ड्यात हात घालायला निघाल्या होत्या. त्यांना साठी उलटलेली, रक्त आधीच कमी. मी त्यांना बाजूला केलं. उजवा हात मातीत घातला. दोरे मनगटाशी आले, मग आत— दुखलं नाही.

२९ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितेय. बाळ चाळीस ग्रॅम वाढलं. नम्रता माझ्या पाया पडायला आली. नको म्हटलं, लांब राहा.

हात सुटत नाही. राधाबाईंनी खुर्ची इथेच माडापाशी आणून दिली.

२ डिसेंबर

एक किलो नऊशे ऐंशी. दोरे खांद्यापर्यंत—

सरांचा फोन. वार मिळाली का विचारत होते. मिळाली, म्हटलं.

डोळ्यांपुढे अंधारी. माझी नाडी मोजली. पुन्हा मोजली. एकशे बेचाळीस.

आत बाळ उठलं असणार. अजून रडलं नाही, पण भूक लागली आहे त्याला, कारण मला—