पगडीचा मुक्काम शहराबाहेर

२ ऑगस्ट, शनिवार

आज गाइड म्हणून पुण्याचा ग्रुप. अठ्ठावीस माणसं, त्यातली निम्मी गुडघेवाली. कालभैरवाला दारूचा नैवेद्य असतो म्हटल्यावर सगळ्यांचे गुडघे एकदम बरे! एक आजोबा तर दोनदा रांगेत. "नुसतं बघायला हो." बघायला!

वेधशाळेत मात्र कोणी ऐकेना. सावलीवरून वेळ कशी काढायची ते मी घसा फोडून सांगते आहे, आणि आभाळ असं भरलेलं की सावलीच नाही. एका काकांनी मोबाइल काढून वेळ सांगितली. कचोरीची वेळ झाली होती.

संध्याकाळी रामघाटावर हुकमी एक्का काढला. उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसऱ्या राजाने इथे रात्र काढली तर गादी जाते म्हणतात. आता आमचे मूळ पुरुष सखोपंत — शिंदे सरकारांच्या फरासखान्यात, म्हणजे तंबू-कनाती सांभाळायच्या खात्यात कारकून. सरकारांनी खूश होऊन त्यांना स्वतःची पगडी दिली. राजाची पगडी म्हणजे राजाच! म्हणून श्रावणात, इथल्या पंचांगाने भाद्रपदात, महाकालाच्या पालखीची त्या वर्षीची शेवटची, शाही सवारी निघते, त्या रात्री तरी ती पगडी शहरात झोपत नाही. माझे सासरे, बापू, तिला घेऊन नदीपार जातात. आजही! इथे मी जरा थांबते. टाळ्या. एका काकूंनी डोळे पुसले.

पगडी मी स्वतः पाहिलेली नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली. पेटीला कुलूप आहे.

५ ऑगस्ट

बापू न्हाणीघरात पडले. लागलं नाही, पण शुद्ध गेली होती. बादलीचा आवाज झाला म्हणून कळलं. फार घाबरले मी.

डॉक्टर म्हणाले, ठोके मध्येच थांबतात. पेसमेकर बसवा, लवकर.

बापू म्हणाले, "एक्क्याऐंशी वर्षं बिनमशीनचं चाललं नं? मग!"

७ ऑगस्ट

सर्जन इंदोरहून येतात, सोमवारी. येत्या सोमवारची यादी भरलेली. अठराची तारीख मिळाली. त्यापुढे ढकलू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पुढच्या वेळी पडले तर उठतीलच असं नाही.

अठरा म्हणजे शाही सवारी.

बापूंनी फाइल मिटली. "त्या दिवशी मला टाइम नाही."

इंदोरला नेते म्हटलं. इंदोर शहराबाहेरच आहे की! पगडी उशाशी घेऊन खुशाल झोपा!

"पगडी हॉस्पिटलात झोपत नसते, मुक्ता. फालतू बात करू नको."

ह्या माणसाला वाचवायचं कसं? एका फडक्यापायी जाणार हे!

१० ऑगस्ट

विहंग म्हणाला, बापू, मी घेऊन जातो पगडी. तुम्ही ऑपरेशन करून घ्या.

नवरा बऱ्याच दिवसांनी एक शहाणपणाचं वाक्य बोलला, म्हणून मी त्याच्याकडे कौतुकाने बघते आहे, तोवर बापू म्हणाले, "तुझ्याने नाही होणार."

विहंगचा चेहरा पडला. का नाही होणार? बँकेत मॅनेजर आहे. चाळिशीत पोथ्यांच्या नादी लागला, बाहेरचं पाणी पीत नाही, माधवनगरच्या शाखेत स्वतःचा तांब्या नेतो, पण एक पेटी नदीपलीकडे नेता येणार नाही? मी विचारलं तर दोघंही गप्प. ह्या घरातले पुरुष गप्प बसायचा पगार घेतात.

१३ ऑगस्ट

ठरलं! ऑपरेशन अठरालाच. पगडी मी नेणार!

रात्री जेवताना बापू एकदम म्हणाले, "मुक्ता जाईल."

विहंग: "ती? घरातला मोठा पुरुष लागतो ना?"

"ती कुठेही काहीही खाते."

ही काय लायकी झाली? एकवीस वर्षं ऐकते आहे. सून ठेल्यावर पाणीपुरी खाते, सून टूरवाल्यांबरोबर कुठेही जेवते, सुनेला सोवळं-ओवळं नाही. आणि आज तेच भर पंक्तीत काढलं! मी ताट सारून उठणार होते. पण डॉक्टर आठवले, बसले.

मग सूचना. बडनगर रोडने मोठ्या पुलापलीकडे जायचं, गेंदालालजींचं घर विचारायचं. ते वाढतील ते खायचं. सगळं. नाही म्हणायचं नाही. पगडी त्यांच्या खाटेवर ठेवायची, रात्र काढायची, सकाळी पगडी घेऊन यायचं. पेटीची किल्ली तिकडेच आहे.

राजाच्या पगडीची किल्ली नदीपलीकडच्या गेंदालालकडे का? विचारलं. बापूंनी ताक मागितलं.

१८ ऑगस्ट, सोमवार. गेंदालालजींच्या ओसरीवर

मशीन बसलं! बापूंना बाहेर आणलं तर पहिलं वाक्य, "तू अजून इथेच काय करून राहिली?" विहंगला त्यांच्यापाशी बसवून निघाले.

सवारीसाठी अर्धं शहर बंद. डोक्यावर हेल्मेट, अॅक्टिव्हावर पायाशी पगडी. पोलिसाने अडवलं. "पेटी में क्या है?" मी वैतागून म्हटलं, राजा है. त्याने हात जोडले आणि बॅरिकेड सरकवलं! फक्त उज्जैनमध्ये हे होऊ शकतं.

घर सापडलं. दारात मुलाच्या डीजेचा टेम्पो, आत भिंतीवर एक जुनी चामड्याची मोट टांगलेली. पूर्वी ह्या घरात चामडं कमवायचे, मोटा शिवायचे. हे कळलं आणि विहंगचा पडलेला चेहरा आठवला. गेंदालालजी बापूंच्याच वयाचे, ताठ. बापूंचं ऑपरेशन नीट झालं म्हटल्यावर आधी खाटेवर टेकले, मग म्हणाले, "छोरे को नी भेजा? ठीक करा. एक बार लाए थे बापू उसको. पानी भी नी पिया उसने. बोला, उपास है."

म्हणजे हे! गप्प बसायचं कारण हे!

दालबाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे आणि डाळ. तूप मनगटापर्यंत. लसणाची चटणी, लाडू. पाच बाफले खाल्ले, बापूंच्या अब्रूसाठी तीन आणि स्वतःसाठी दोन.

मग त्यांनी किल्ली आणली. पेटी उघडली. आत एक मळकट कापड, आमटीच्या रंगाचं. जर नाही, मोती नाही, काही नाही. शिंदे सरकारांची पगडी? ही तर कारकुनाची!

मी म्हटलं, "ये राजा की है ना?"

आधी त्यांची सून रामकन्या हसली. मग सगळं घर. "राजा की? अरे बई, थारे सखोपंत की है!"

मग गेंदालालजींनी त्यांच्या घरातली गोष्ट सांगितली. लढाईत शिंद्यांची फौज हरली, शहर लुटलं जात होतं. सरकारी कारकून दिसला की कापत होते. सखोपंत नदी ओलांडून इथे आले. ह्यांच्या पूर्वजाने त्यांना चामडं भिजवायच्या कुंडात लपवलं, वरून कातडी टाकली. त्या वासाने कोणी जवळ आलं नाही. रात्री बाहेर काढलं, धुतलं, जेवू घातलं. सखोपंत जेवले. आणि डोक्यावरची पगडी उतरवून ह्यांच्या पायाशी ठेवली. म्हणाले, शहर शांत झालं की तुम्हाला माझ्या घरी पंगतीला बसवीन. तोवर ही पगडी तुमच्याकडे गहाण.

सकाळी पंचाईत. उघड्या डोक्याने शहरात शिरायचं कसं? म्हणून ह्यांनीच त्यांची पगडी त्यांना वापरायला दिली. बोली एवढीच की शब्द पुरा होईपर्यंत वर्षातून एक रात्र ती इथे आणून ठेवायची.

दोनशे वर्षं झाली. आम्ही इमानेइतबारे दरवर्षी येतो, पगडी ठेवतो, पोटभर जेवतो आणि परत जातो.

रामकन्या ताट उचलताना म्हणाली, "आपके यहाँ दाल मीठी बनती है, सच्ची? हमने तो कभी खाई नी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पगडी खाटेवर आहे. माझ्यापेक्षा जाड गादी तिला.

१९ ऑगस्ट

सरळ हॉस्पिटल. विहंग चहाला गेल्यावर बापूंना विचारलं. माहीत होतं तुम्हाला?

"हो."

"मग राजा कुठून आला?"

"माझ्या आजोबांनी घातला. राजाचं नाव काढलं की घरातल्या बायका सवाल करत नाहीत. आणि सवारीच्या रात्री सगळं गाव रस्त्यावर. नदीपलीकडे कोण कोणाकडे जेवला, कोण बघतं?"

"आणि मी रामघाटावर उभी राहून अख्ख्या महाराष्ट्राला सांगते आहे!"

"तुला कोणी सांगितलं होतं टाळ्या घ्यायला?"

मी सुनावलंच. आवाज चढला. मशीन कसलंसं वाजलं, नर्सने मला बाहेर काढलं.

२१ ऑगस्ट

बापू घरी आले. मी वाट बघितली नाही. म्हटलं, गणपतीत त्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं.

विहंग: "घरात गणपती असताना?"

"गणपतीला विचारलंस का? तो कोणाच्या पंक्तीला नाही म्हणाला?"

"आई असती तर—"

"आईंना राजाची गोष्ट सांगितली होती तुम्ही लोकांनी! त्यांना विचारलंच कुठे कोणी?"

तांब्या घेऊन वर गेला. जाऊ दे.

मला वाटलं होतं, बापू तरी हो म्हणतील. पांघरुणाचं टोक चुरगळत बसले. मग म्हणाले, "एकदा ते जेवून गेले की पगडी सुटली."

"सुटू द्या की!"

"मग पुढच्या वर्षी मी कोणत्या बहाण्याने जाऊ?"

मला आधी हसू आलं. एक्क्याऐंशीचा माणूस, छातीत मशीन, आणि काळजी कसली तर दोस्ताकडे जायला मिळणार नाही! मग चिडले. म्हटलं, तुमच्या एका रात्रीच्या मजेसाठी त्यांनी जन्मभर ताटकळायचं? त्यांच्या बापाने, आजोबाने ताटकळायचं? आम्हाला गोष्ट पाहिजे, पगडी पाहिजे, बाफले पाहिजेत. आणि साधं चार माणसांना पाटावर बसवायची हिंमत नाही! मला लाज वाटते बापू, तुमची आणि माझी पण.

बापूंनी भिंतीकडे तोंड केलं.

२२ ऑगस्ट

बोलत नाहीत. गोळ्या मात्र घेतात.

२३ ऑगस्ट, शनिवार

नागपूरचा ग्रुप. भर्तृहरीच्या गुंफेत एक मुलगा म्हणाला, राजाने राज्य सोडलं ते ठीक, पण मग घरचं कोणी बघितलं? हुशार आहे! आईने दटावलं.

रामघाटावर उभी राहिले. नेहमीची जागा, नेहमीची वेळ. तोंड उघडलं आणि राजा काही बाहेर येईना. म्हटलं, ही नदी आहे. पलीकडे चांगली माणसं राहतात. चला, चहा घेऊ.

टाळ्या नाहीत. एकाने विचारलं, एवढंच?

२५ ऑगस्ट

सकाळी बापूंनी फोन मागितला. नंबर पाठ! एवढी वर्षं आमच्यासमोर एकदाही लावला नाही, पण पाठ.

"गेंदा? म्हूँ. हाँ, ठीक हूँ, मशीन चले है. सुन, शनिचर को सबको लेके आ जा. खाने पे. म्हारे घर." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. पलीकडे काय चाललं होतं कळलं नाही. "हाँ," म्हणाले. "देर तो हुई."

फोन माझ्या हातात दिला. नाक पुसलं. "मुक्ता, वरणात गूळ कमी घाल. त्यांना चालणार नाही."

"वरणात गूळ पूर्ण पडेल," मी म्हटलं.

३० ऑगस्ट, शनिवार

आले. सातजण. गेंदालालजी आणि बापू शेजारी-शेजारी बसले. रामकन्याने वरण तीनदा घेतलं. मी आग्रह केला म्हणून नाही, खरंच मागून घेतलं. विहंग दही आणायला म्हणून शहराच्या टोकाला पार नानाखेड्यापर्यंत गेला आणि जेवणं उरकल्यावर परत आला. दही विसरून.

निघताना गेंदालालजींनी पेटीची किल्ली बापूंच्या हातात ठेवली. बापूंनी मूठ मिटली नाही. तसाच हात पुढे धरून उभे.

गेंदालालजी म्हणाले, "अगले बरस टेम पे आ जाना. पगड़ी मत लाना."

बापू हमसून हमसून रडले. मीही रडले.