पोहोचलं, असा शेरा

१२ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

पाच महिने पत्र नाही, रागाव, तुझा हक्कच आहे. आज लिहायला बसले तेही आईचा शब्द मोडून. एक गोष्ट तुला कळवू नकोस असं तिने बजावलंय. दोनदा उठून पाणी पिऊन आले, तरी मनाशी काही ठरत नाही.

आधी कामाचं सांगते, तेवढाच धीर. आमच्या हॉस्पिटलात वॉर्ड, प्रयोगशाळा, औषधभांडार, बिलं, सगळ्यांची सॉफ्टवेअर वेगवेगळ्या काळातली. पूर्वी ती थेट एकमेकांच्या डेटाबेसमध्ये हात घालायची. एकात बदल केला की दुसरं रुसायचं. म्हणून आम्ही सेवाधारित रचना आणली. जुनं काही मोडलं नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरने आपण कोणती सेवा देतो, कोणत्या साच्यात देतो, एवढंच जाहीर करायचं, आतलं आपल्यापाशी. मधे निरोप नेणारा एक प्रोग्राम, तो एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या साच्यात बसवतो. नवी मुलं म्हणतात, हा मधला काढा, सेवा आणखी छोट्या करा, त्यांना आपसात बोलू द्या. मी त्यांच्याशी भांडत आलेय.

सोमवारी भांडारातल्या बाईंचा फोन आला. "मॅडम, तुमचा निरोप्या फार गुणी हो. निरोप तेवढा खातो!" वॉर्डातून एका पेशंटच्या अ‍ॅलर्जीची नोंद निघाली होती. भांडाराच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकानाच नाही. मधल्या प्रोग्रामने ती वगळली आणि वर वॉर्डाला कळवलं, पोहोचलं. बाईंनी औषध देण्यापूर्वी सवयीने वॉर्डात विचारलं, म्हणून निभावलं.

तेव्हापासून चैन नाही. तू घर सोडल्यापासून तू आणि आई माझ्यामार्फतच बोलता. आई म्हणते, "त्या महाराणीला विचार, आहे का जिवंत." मी लिहिते, आई खुशाली विचारतेय. तू म्हणतेस, "सांग, मजेत आहे, तिच्यावाचून." मी सांगते, मजेत आहे. भांडण वाढलं नाही खरं, पण मिटलंही नाही. मी नुसता राग गाळत होते, की रागाबरोबर आणखी काही? खरंच कळत नाही गं.

येत्या गुरुवारी आईच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. "तिला सांगू नकोस. धावत येईल, आणि मग मला रडू आवरायचं नाही," असं म्हणाली. तिचेच शब्द, जसेच्या तसे. त्यावर तुला जे म्हणायचंय ते मला सांगू नकोस. तिचा फोन उशाशी असतो.

तुझीच,
ताई

(ताईच्या वहीत, त्याच दिवशी) उद्या: धाकटीला कळवलं, हे आईला सांगणे.