हा कुणाचा फोटो?

२७ मार्च १९६१, नळदुर्ग

आला! माझा रोल सोलापूरहून धुवून आला! आठातले सहा काळेकुट्ट, एक हललेला — आणि एक! एकच! पण काय एक!

त्या दिवशी रजियाबी खालांनी अंगणात पांढरी चादर वाळत घातलेली. (खाला म्हणजे मावशी. मी, बसू, त्यांच्याच मागच्या खोलीत राहतो, आणि त्यांचे चिरंजीव गफारभाई यांच्या फोटो-फ्रेमच्या दुकानात काचा पुसतो.) शेळी चादर चघळायला आली. खाला पलीकडून हात उगारून तिच्यावर धावल्या. मी अलीकडं. ऊन खालांच्या पाठीमागून. मी माझा डबा-कॅमेरा उचलला — खटक्! आता फोटोत खाला नाहीतच. चादरीवर त्यांची सावली, उगारलेला हात, आणि चादरीखाली दोन अनवाणी पावलं. शेळी पण पळाली.

खालांना सांगितलेलं नाही. पोराचं फोटोचं दुकान, पण त्या जन्मात कॅमेऱ्यापुढं बसलेल्या नाहीत. "नक्को रे बाबा, गुनाह है." दिव्याखाली अंधार तो हाच!

२९ मार्च

फोटो मोठा करायला सोलापूरला पाठवला. दुसरं काही केलं नाही. रस्त्यावर हैदराबादकडं जाणारा ट्रक पंक्चर झालेला, त्याच्या पाठीवर मोर रंगवलेला — आणि मोराच्या पायात बूट! अर्धा दिवस तिथंच गेला.

२ एप्रिल

मोठा होऊन आला! गफारभाईंनी तो उजेडाला धरला. उभा, आडवा, मग उलटा.

"कुणाची सावली ही?"

"उन्हाची!" मी म्हटलं.

"बसू, ह्यो फोटो न्हाय. फोटो त्याला म्हणत्यात." भिंतीकडं हात केला. गुलाबी कमळांत दोन राजहंस. कुठल्या तरी थंड मुलखातला धबधबा. मक्का-मदिना. काळभैरव. गुबगुबीत गोरं बाळ. "भिंत खूश झाली पायजे. पोपडा सुटला, ओल आली, तर वर एक राजहंस ठोकायचा. काम झालं."

मी म्हटलं, "भाई, मागं न बघता सांगा — त्यातल्या कुठल्या राजहंसानं मान वळवलीय, डावीकडल्या का उजवीकडल्या?"

रोज नजरेसमोर असलेला फोटो. सांगता येईना! मी टाळ्या पिटल्या. ते चिडले, आणि चिडीतच पैज मारून बसले — "सोनारीला काळभैरवाच्या यात्रेत आपल्या दुकानाचं पाल लागतंय, तिथं चौकट ठोकून लटकवतो तुझा फोटो. एका तरी माणसानं आपणहून घरी नेला, तर दुकानातल्या मोठ्या कॅमेऱ्याला हात लाव, म्या शिकवतो. न्हाय नेला तर तुझ्या गावाची, मुरुमची गाडी धर. तुझ्या आप्पांचा परत निरोप हाय."

आप्पांचा निरोप म्हणजे भुसाराच्या दुकानात बस आणि जन्मभर तूर तोल. वर आप्पांच्या नावाची पाटी — कल्याणप्पा आणि चिरंजीव! गुदमरून मरेन मी. मला तो तिपाईवरचा कॅमेरा पाहिजे, त्या काळ्या कापडात डोकं घालायचंय!

७ एप्रिल, सोनारी

काय गर्दी! गुलाल नाकात, कानात. इथं "फोटो द्या" म्हणजे काळभैरव द्या. काचेआड बसला तो देव, मामला खलास.

दुपारी हरणाबाई म्हणून एक म्हातारी माझ्या फोटोपुढं थांबली. थांबलीच! माझ्या छातीत हलगी.

"ह्यो कोनचा देव, बाळा?"

"देव न्हाय आज्जी, बाईमाणूस आहे."

"मंग देवीच की! हात बघ कसा उगारलाय. लई कडक दिसती." आणि काय करतेय ते कळायच्या आत कुंकवाचं बोट पावलांवर टेकवलं! मागून दुसरी आली. तिसरी. रांग लागली! एकीनं नारळ फोडायला दगड मागितला. गफारभाईंचं तोंड बघण्यासारखं! हसता हसता मी पालाच्या दोरीत पाय अडकून आपटलो.

नेला मात्र कुणीच नाही. "असली कडक देवी घरात नगं. सोवळंओवळं कोन पाळंल?" — इति हरणाबाई.

संध्याकाळी कुंकू पुसून काढलं. खालांना कळलं तर मला चादरीसकट वाळत घालतील!

८ एप्रिल

एकानं उचलला! सिद्रामप्पा शिंपी. हातात घेतला, निरखला, काखेत मारला. मी हवेत! अन् मग म्हणतो — "चौकट झकास हाय. आतलं काढा नि हंस घाला."

गफारभाई डोळे पुसेपर्यंत हसले. मी पण हसलो, काय करणार.

पण एक सुचलं. राजहंसापुढं माणूस "छान" म्हणतो नि पुढं जातो. माझ्या फोटोपुढं छान कुणी म्हणत नाही. भितात, भांडतात, कुंकू लावतात, विचारतात — हा कुणाचा फोटो? तो भिंतीसाठी आहे. हा — हा कुणासाठी आहे ते अजून ठरायचंय! हे भाईंना ऐकवायला निघालो, वाटेत गोडीशेव तळत होते. तिथंच राहिलं.

९ एप्रिल

पालं उठली. राजहंस सगळे गेले. माझा आहे. हरलो.

१० एप्रिल, नळदुर्ग

उद्या मुरुमची गाडी. वळकटी बांधत होतो, तर खाला यात्रेतून उरलेल्या फोटोंच्या काचा पुसायला बसल्या. "खाला, तेवढा एक राहू द्या!" मी ओरडलो, पण उशीर झाला. फडकं थांबलं. मी दाराआड. आता हात उगारणार, आणि शेळीवर नाही!

उगारला नाही. फोटो उचलून उन्हात गेल्या. मग उंबऱ्यावर बसल्या.

"गफार..." आवाज एवढासा. "मेरे अम्मा की तस्वीर कौन उतारा रे? ऐसाइच हात उठाती थी मेरे पे."

गफारभाईंनी फोटोतली पावलं बघितली. आईची पावलं बघितली. अंगणातली दोरी बघितली. मग माझ्याकडं. मी पुढं होऊन तोंड उघडलं — त्यांनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला दाबून.

"यात्रा में मिली, अम्मी," ते म्हणाले. "तुमारे वास्ते रख लिया."

११ एप्रिल

मुरुमची गाडी मला न घेता गेली. खालांनी फोटो जुन्या साडीत गुंडाळून आपल्या पेटीत ठेवला. एका माणसानं आपणहून नेला म्हणजे पैज माझी, असं गफारभाईच म्हणाले! त्या लहान असताना त्यांच्या अम्मा वारल्या. अम्मांचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता.

आता एक आहे.