सरावाशिवाय जिंकल्याबद्दल खुलासा

प्रति,
मा. प्राचार्य,
खाडीकिनारा कला व वाणिज्य महाविद्यालय,
नेरूळ, नवी मुंबई.

विषय: सराव न करता सुवर्णपदक मिळविल्याचा खुलासा, तसेच क्रीडा कोट्यातील प्रवेश रद्द न करणेबाबत.
संदर्भ: आपली दि. २ जानेवारी १९९७ ची नोटीस.

महोदय,

मी, संघप्रिया किसन पाईकराव, प्रथम वर्ष वाणिज्य, क्रीडा कोट्यातून प्रवेश घेतलेली धावपटू आहे. दुसऱ्या सत्रात महाविद्यालयाच्या मैदानावरील सरावात हजेरी शून्य असल्याने माझा प्रवेश रद्द का करू नये, अशी विचारणा आपण केली आहे. वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे:

१. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी आले, तेव्हा मैदानाच्या फाटकाला कुलूप होते. जानेवारीतील क्रीडामहोत्सवापर्यंत मैदान चांगले राहावे म्हणून त्यावर खेळण्यास मनाई केल्याचे क्रीडाप्रमुख श्री. हौसेराव जगदाळे सरांनी सांगितले. "सर, मग पळायचं कुठे?" असे मी विचारले. ते म्हणाले, "पळणाऱ्याला काय, कुठेही पळता येतं. पोहणारी असतीस तर प्रश्न होता."

२. त्यानुसार मी जिन्यावर धावू लागले. वाचनालयाने तक्रार केली. मग गच्चीवर धावले, तर खाली अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सरांना भूकंप वाटला व त्यांनी वर्ग सोडून दिला. विद्यार्थ्यांनी माझे आभार मानले. परंतु गच्चीलाही कुलूप लागले.

३. सबब, मी पहाटे जुईनगरहून येऊन करावे गावाच्या खाडीलगतच्या रस्त्यावर धावू लागले. वारा बोचरा असे. पहिल्याच दिवशी मासळी विकणाऱ्या श्रीमती गिरजाबाई कोयता घेऊन रस्त्यात आल्या. "कोन लागलाय गो तुजे पाठी? थांब, मी हाय!" मी सराव करत असल्याचे व महाविद्यालयाचे मैदान राखून ठेवल्याचे सांगितले. खाडीतल्या होडीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "म्हंजे होरी हाय, पन पान्यान न्यायची नाय!" पुढे रस्त्यावरची कुत्री हाकलण्याचे काम त्यांनी स्वखुशीने पत्करले. या हिवाळ्यात मला लाभलेले प्रशिक्षण-साहाय्य एवढेच.

४. डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्री शर्यतीत मी पहिली आले. आपण माझा सत्कार केलात व "हे यश आपल्या मैदानाचे आहे" असे भाषणात म्हणालात. मीही टाळ्या वाजवल्या.

५. त्यानंतर नोटीस घरी आली. महाविद्यालयाचा शिक्का पाहून माझी आई चांगुणाबाई हिला ते अभिनंदनाचे पत्र वाटले. तिने चाळीत पेढे वाटल्यानंतर मी तिला मजकूर वाचून दाखवला. उरलेले पेढे तिने झाकून ठेवले. वडिलांनी एवढेच विचारले, "पळण्यात कमी पडलीस का?" प्रवेश गेल्यास फेब्रुवारीतील विद्यापीठ संघाची निवड जाईल, आणि गावाकडच्या नातेवाइकांनी माझ्या लग्नाचा विषय आताच काढला आहे.

६. मी जगदाळे सरांना भेटले. ते म्हणाले, "जिंकणं वेगळं, सराव वेगळा. रजिस्टरात सराव दिसत नाही. मग जिंकलीस कशी, तेही लिहून दे." म्हणून हा खुलासा.

७. शनिवारी क्रीडामहोत्सवाच्या उद्घाटनाची मशाल घेऊन मैदानाला फेरी मारण्यासाठी मलाच बोलावण्यात आले. फोटो नीट यावा म्हणून सर ओरडत होते, "हळू! हळू पळ!" धावण्याविषयी महाविद्यालयाने मला केलेले हे पहिलेच मार्गदर्शन. माती मऊ होती. मला आणखी पळावेसे वाटले, परंतु मशाल काढून घेण्यात आली.

तरी सदर फेरी माझा सराव म्हणून नोंदवून घ्यावी, जेणेकरून माझी हजेरी शून्य राहणार नाही, ही विनंती.

आपल्या महाविद्यालयाची आजपर्यंतची नम्र विद्यार्थिनी,
संघप्रिया किसन पाईकराव
जुईनगर, दि. ६ जानेवारी १९९७

सोबत: सुवर्णपदक, मूळ. (झेरॉक्स काळी येते. पाहून परत मिळावे.)