दोन्ही कागदांवर माझीच सही

ति. ताईस धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर आता वाकत नाही, पण मनाने वाकले आहे, ते धरून घे).

तुझे गुडघे कसे आहेत? लाल कोंबडी खुडूक बसली होती ती उठली का? कानांचं विचारत नाही. तुला फोन करायचा म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकवायचं, म्हणून हे पत्र. अक्षर चौथीतून काढलेल्या मुलीचं असतं तसं आहे, सांभाळून घे.

आनंदाची बातमी आधी. आपला मुका परत आलाय. माझा नातू चार वर्षांचा होईपर्यंत बोलेना म्हणून तूच हे नाव ठेवलंस, ते अजून चिकटून आहे. नऊ वर्षं लष्करात काढून दोन हात दोन पायांनिशी घरी आला. मी इतकी खूश आहे ताई, की दिवसातून चारदा उगाच त्याच्या खोलीत डोकावते आणि तो दिसला की काय विचारायला आले होते तेच विसरते. फक्त आधी हाक मारावी लागते. न सांगता मागून गेलं की तो असा उठतो की माझ्याच हातातला कप पडतो. तीन कप गेले. (कान तुटलेले सगळे शाबूत आहेत, चांगलेच तेवढे फुटले.)

आता तो नुसता नातू राहिला नाही, नाव झालंय त्याचं. तो स्नायपर आहे. म्हणजे लांब कुठेतरी लपून पालथं पडायचं, तासन्‌तास हलायचं नाही, आणि एकच गोळी. त्याच्या एका गोळीने त्याच्या तुकडीतले एकोणीस जण जिवंत परतले, असं पेपरात आलं. तेव्हापासून चौकात त्याचा पुतळा बसवायचा की नाही यावरून गावात दोन तट पडलेत. बसवा म्हणणाऱ्यांचे पुढारी रिटायर हेडमास्तर, नको म्हणणाऱ्यांचा औषधवाला. दोघं शेजारी, त्यामुळे वाद कुंपणावरूनच चालतो. हेडमास्तर म्हणतात, एकोणीस घरांतली माणसं आज जेवायला घरी येतात ती कुणामुळे? औषधवाला म्हणतो, बेसावध माणसाला इतक्या लांबून टिपलं तर त्यात शौर्य कुठलं, आणि त्या माणसाच्या घरी कुणी जेवायला थांबलं नसेल का? मी दुकानात रक्तदाब मोजायला गेले, तर पट्टा माझ्या दंडाला आवळून हा बोलतच राहिला आणि मग आकडा बघून म्हणतो, आजी, वाढलाय. वाढेल नाहीतर काय होईल!

पुतळेवाला माप घ्यायला आला तर वेगळंच. उभा पुतळा खोटा, कारण मुका उभा राहून कधी लढलाच नाही. पालथा करावा तर चौकात कुणी पिऊन पडलंय असं दिसेल (हे त्या बिचाऱ्याचंच म्हणणं). यावर तीन बैठका झाल्या. तिकडे मुका दाढी करायला गेला, तर न्हाव्याने अर्ध्या गालावर वस्तरा थांबवून विचारलं, एकूण किती? हा साबणासकट उठून घरी. दोन दिवस अर्ध्या दाढीने फिरला, आणि हेडमास्तरांच्या बाजूच्या दोघातिघांनी तशीच दाढी ठेवली.

पण माझी चूक सांगायची राहिली. पेपरवाली बाई आली होती, गोड बोलणारी. विचारलं, याचा हात इतका स्थिर कसा? मी म्हटलं, अगं, लहानपणापासून माझ्या शिलाईच्या सगळ्या सुया हाच ओवून द्यायचा. श्वास रोखून, डोळा बारीक करून, एका झटक्यात. तिने मोठ्या अक्षरात छापलं, आजीच्या सुईने घडवला नेमबाज. मी ते कात्रण आरशाला लावलं. मुक्याने वाचलं, ताट तसंच ठेवलं आणि मागच्या अंगणात जाऊन बसला. मला वाटलं, लाजला. आल्यापासून त्याने एकही सुई ओवून दिली नव्हती. मी रोज कुरकुरायची, मोठा माणूस झालास, आता आजीची सुई कशाला ओवशील.

मग रविवारी नगरपालिकेच्या हॉलमध्ये सभा. आधीच्या आठवड्यात दोन्हीकडचे लोक कागद घेऊन आले होते, आणि मी दोन्हींवर सही केली. (तुला माहीत आहे, सही करायची वेळच साठाव्या वर्षी पहिल्यांदा आली, करायला मिळाली की हात आवरत नाही.) दोन्ही याद्यांत माझं नाव पहिलं. सभेत हेडमास्तरांनी आपली यादी वाचली, टाळ्या. मग औषधवाल्याने आपली वाचली, आणि हॉल माझ्याकडे बघायला लागला. हेडमास्तर म्हणाले, “आजी, एकदा ठरवा. तुमचा नातू वीर आहे की नाही?”

मी तोंड उघडलं, पण आवाज दाराजवळून आला. मुका तिथे उभा होता. मी त्याला घरी बस म्हणून बजावून आले होते.

“माझ्या दुर्बिणीत तो माणूस सुईत दोरा ओवत होता,” मुका म्हणाला. “बटण तुटलं होतं त्याचं. दोनदा हुकला. तिसऱ्यांदा जमेल म्हणून मी थांबलो होतो.”

एवढंच. पुढे जमलं का, ते कुणी विचारलं नाही. हेडमास्तरांनी चष्मा काढून डबीत ठेवला. औषधवाल्याने आपला कागद घडी घालत घालत अगदी एवढासा केला. सभा पुढे ढकलली म्हणून कुणीतरी सांगितलं, आणि सगळे एकमेकांच्या चपला घालून गेले. घरी येऊन मी आरशावरचं कात्रण काढलं. चिकटपट्टीचा डाग राहिलाय, घासून जात नाही.

बाकी सगळं ठीक आहे. काळजी करू नकोस, मी करते आहे.

तुझी धाकटी

ता. क. मला वाचता येत नाही म्हणून दोन्हीकडे सही केली, असं मी गावात सांगितलंय. तू तरी खरं जाणून घे. दोन्ही कागद चष्मा लावून वाचले होते. दोन्हींत मला खोटं काही सापडलं नाही.

ता. क. दुसरा. पुढची सभा महिन्याने आहे, तोवर तो इथे राहिला तर मला भीती वाटते. कशाची ते लिहीत नाही. हे पत्र घेऊन जो दारात उभा आहे तो मुकाच. त्याला आत घे. तुझ्याकडे पेपर येत नाही आणि तुला ऐकू येत नाही, हे मला पहिल्यांदाच बरं वाटतंय. कोंबड्यांची जाळी त्याच्याकडून दुरुस्त करून घे. दाराची कडी मात्र हळू लाव. आणि काही फाटलं असेल तर फाटकंच वापर, सुई हातात देऊ नकोस.

ता. क. तिसरा. आज सकाळी, निघण्याआधी तो आंघोळीला गेला तेव्हा मी शिलाईचा डबा उघडला. एका सुईत पांढरा दोरा ओवलेला होता, खाली गाठसुद्धा मारलेली. ती सुई मी तशीच ठेवली आहे. त्याला यातलं काही बोलू नकोस.